गिटारची घरघर: नवीन पिकअप घेण्याआधी भिंतीतलं सॉकेट तपासा

गिटार कॉम्प्युटरला जोडली, हेडफोन लावला आणि तार छेडायच्या आधीच कानात ‘घूंऽऽ’ सुरू झालं, तर लगेच ऑनलाइन पिकअप (तारांची थरथर पकडून तिचा विजेचा सिग्नल करणारा भाग) शोधायला बसू नका. गावाकडच्या घरात हा आवाज बहुतेक वेळा गिटार करत नाही, घरातली वीज करते. गिटार तो फक्त ऐकवते.

सॉफ्टवेअरनं तो काढता येईल ही आशाही सोडा. नॉइज गेट घरघर काढत नाही. तुम्ही वाजवायचं थांबलात की ती लपवतो, वाजवताना ती सुरांखाली असतेच. इक्वलायझरनं कापायचं म्हटलं तर आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघर ५० वर, १०० वर आणि त्याच्या पुढच्या पटींत बसलेली. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा ‘जी’ आहे ९८ हर्ट्झचा. १०० कापायला गेलात की तो ‘जी’ पोकळ होतो. जनरेटरवर असाल तर फ्रिक्वेन्सी ५० वर स्थिरही राहत नाही, त्यामुळे नेम धरून कापलेली जागाच चुकते.

आधी निदान करू. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली तर दोष केबल, इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) किंवा कॉम्प्युटरकडे आहे. गिटार उघडू नका. आता लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. आवाज गेला तर गुन्हेगार चार्जर. रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा, फुकटातला हाच सगळ्यात चांगला उपाय आहे.

व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर घरघर गेली, तर ती गिटारमधून येत आहे. व्हॉल्यूम परत वाढवून खुर्चीवर बसल्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला आवाज एकदम पडतो. सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचा पिकअप अँटेनासारखा वागतो, म्हणून ही दिशा सापडते. तिथेच बसून वाजवायचं. खोलीतल्या ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, फ्रिज आणि कूलर एकेक करून बंद करत जा, म्हणजे कोण किती ओरडतं ते कळतं. रेग्युलेटरचा आवाज घूं नसतो, चरचरीत असतो. पंखा पूर्ण वेगावर नेला की बहुतेक वेळा तो थांबतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र काहीही केलं तरी भुणभुण राहते. लाइट गेल्यावर रेकॉर्डिंग करायचं असेल तर ते बॅटरीवर, इन्व्हर्टर बंद ठेवून.

स्ट्रॅटसारख्या (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) तीन पिकअपच्या गिटारमध्ये पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर नेऊन पाहा. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर तिथे घरघर जवळजवळ संपते. दोन कॉइल उलट जोडून घरघर मारायची हीच युक्ती गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकरमध्ये, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपमध्ये वापरली.

आता तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर वायरिंग ठीक आहे. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावला की पडतो, असं असेल तर ब्रिजखालून (तारा धडावर जिथे टेकतात तो धातूचा भाग) येणारी अर्थची वायर तुटली आहे. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर तीच वायर तुटलेली, नाहीतर जॅकवरच्या दोन वायरी उलट जोडल्या आहेत. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला लावा. बीप वाजलाच पाहिजे. केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून प्लगच्या टोक आणि दांड्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७ किलोओहम, हंबकरला ७ ते ९, कधी त्याहून जास्त. काहीच दाखवत नसेल तर आधी केबल बदलून पाहा.

आणि आता भिंतीकडे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यात अडीच मीटरचा जीआय पाईप, कोळसा, मीठ सगळं नीट घातलेलं असलं, तरी मे महिन्यात माती पाईपपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून पावसाळ्यात शांत असलेली गिटार उन्हाळ्यात ओरडते. खड्ड्यावरच्या पाणी घालायच्या फनेलमधून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओता. फनेल कुठे आहे हेच घरात कुणाला आठवत नसेल, तर तिथूनच सुरुवात करा.

मल्टीमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, वावरातल्या मोटरी चालू असतील तर १९० सुद्धा. फेज-अर्थ जवळपास तेवढंच यायला हवं. ते ९०-१०० असं तरंगत असेल तर अर्थिंग नाही. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट ठीक. मिक्सर, पंप काहीही चालू केलं तरी ते हटकून शून्यच राहत असेल तर सावध व्हा: वायरमननं सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकलं असू शकतं. अशा घरात न्यूट्रल तुटली की कॉम्प्युटरचं कॅबिनेट, इंटरफेस आणि गिटारच्या तारा सगळ्यात २३० व्होल्ट येतात. हे घरघरीचं दुखणं नाही, जिवाचं आहे. त्याच दिवशी वायरमनला बोलवा. मल्टीमीटरनं अर्थिंग नाही एवढं कळतं. किती चांगलं आहे ते अर्थ टेस्टरच सांगतो. घरघर जाते म्हणून प्लगची तिसरी पिन मोडणं तर कधीच नाही.

इतकं करून उरलेली घरघर शिल्डिंगनं, म्हणजे गिटारची पोकळी आतून धातूनं मढवून कमी होते. गोंदातूनही करंट जाईल अशी कॉपर फॉइल टेप लागते, २५ मिलिमीटर रुंद, एका गिटारला चार-पाच मीटर. डक्टची ॲल्युमिनियम टेप स्वस्त पडते, पण तिचा गोंद करंट अडवतो आणि तिच्यावर सोल्डर धरत नाही. पिकगार्ड (गिटारवरची पुढची प्लास्टिकची पाटी) काढा, वायरिंगचा फोटो घ्या, पोकळीच्या तळाला आणि भिंतींना टेप लावा. पट्ट्या एकमेकींवर ५ मिलिमीटर चढवा. पिकगार्डच्या मागच्या बाजूलाही लावा आणि टेपची कड पोकळीबाहेर स्क्रूपर्यंत वळवा, म्हणजे बंद केल्यावर दोन्ही जोडले जातात. एक वायर टेपवर सोल्डर करून व्हॉल्यूम पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा धातूचा डबा) पाठीला न्या. ६०/४० सोल्डर आणि ३५ वॅटचं आयर्न तालुक्याच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळतं. इथे हमखास होणारी चूक अशी: जॅकची आतली पात प्लग घालताना वाकून टेपला टेकते आणि गिटार मुकी होते. पातीसमोरच्या टेपवर इन्सुलेशन टेप चिकटवा. शिल्डिंगनं चरचर जाते. ट्रान्सफॉर्मर आणि मोटरची घूं बरीचशी राहते, कारण चुंबकीय क्षेत्राला तांबं अडवत नाही. तिच्यासाठी अंतर आणि दिशा.

कॉम्प्युटरबद्दल थोडक्यात. गिटार मदरबोर्डच्या माइक जॅकमध्ये घालू नका. तिला साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं, नाहीतर आवाज मळकट होतो. इंटरफेसवरचं ‘इन्स्ट्रुमेंट’ बटण त्यासाठीच आहे. इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका, नसेल तर एएसआयओफॉरऑल. ४८ किलोहर्ट्झ आणि १२८ सॅम्पल बफर म्हणजे एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंद. कडकड आवाज आला तर बफर २५६ करा आणि वायफाय बंद करा. जोरात वाजवताना पीक उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

उन्हाळ्यात दुपारी तोच लॅपटॉप त्याच सेटिंगवर कडकडतो, कारण प्रोसेसर तापून वेग कमी करतो. फॅनमधली धूळ काढा आणि काम पहाटे करा. कूलर तेव्हा बंदच असतो, मोटरचीही भुणभुण नाही. कूलरच्या झोतात गिटार ठेवू नका: दिवसा ओलसर हवा, बंद झाला की कोरडी, आणि नेक रोज हलतो. पहिला आणि सतरावा फ्रेट दाबून आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट पाहा, ०.२ ते ०.३ मिलिमीटर, जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, त्याहून जास्त एका दिवसात नाही. उन्हाळ्यात जुळवलेली गिटार मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की पुन्हा एकदा मोजावीच लागते.