उडत्या विमानातली वीज गेली तर? कोकण किनाऱ्यावर सुखरूप कसं उतरावं

समजा, तुम्ही देवगडच्या आसपास आहात. काट्यांच्या मापकांचं जुनं, एका इंजिनाचं छोटं विमान सेसना १७२, उंची तीन हजार फूट, डावीकडे समुद्र, उजवीकडे सह्याद्री, तोंड रत्नागिरीकडे. पॅनेलवर 'लो व्होल्टेज'चा दिवा लागतो. इंजिनाचा आवाज मात्र जसाच्या तसा.

तो तसाच राहणार आहे. या विमानाचं इंजिन बॅटरीवर चालत नाही. ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यातूनच आपली वीज तयार करतात आणि पंखांमधल्या टाक्यांतलं इंधन स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. विमानाची सगळी वीज जोडणारा-तोडणारा मास्टर स्विच बंद केला तरी पंखा फिरत राहतो. विद्यार्थ्यांना मी हे जमिनीवरच पुन्हा पुन्हा सांगतो, कारण दिवा लागला की हात आधी घाबरतात. म्हणून पहिलं काम एकच: नाक क्षितिजावर, वेग जागेवर, मग बाकीचं. (संगणकानं चालणारी काही नवी इंजिनं विजेवर अवलंबून असतात. त्यांचे नियम वेगळे, आणि कुठल्याही विमानाच्या हस्तपुस्तिकेचा शब्द माझ्या शब्दाच्या वर.)

आता वीजप्रवाह दाखवणारा अ‍ॅमीटर बघा. काटा उणे बाजूला झुकला असेल तर ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, वीज देत नाही, सगळा भार बॅटरीवर आला आहे. रेडिओ आणि बाकी एव्हियॉनिक्सचा (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा) स्विच बंद करा. ऑल्टरनेटरचा सर्किट ब्रेकर (जास्त प्रवाह झाला की उडणारं बटण) बाहेर आला आहे का पाहा. आला असेल तर एकदा आत दाबा. मास्टर स्विचचे दोन्ही भाग, बॅटरीचा आणि ऑल्टरनेटरचा, बंद करून पुन्हा चालू करा. जास्त विद्युतदाबामुळे यंत्रणेनं ऑल्टरनेटर आपणहून तोडला असेल, तर एवढ्यानं तो परत येतो. दिवा विझला तर एव्हियॉनिक्स चालू करा आणि काट्यावर नजर ठेवा. दिवा पुन्हा लागला तर ऑल्टरनेटर बंद करा आणि दुरुस्ती तिथेच थांबवा. मला खरी भीती याच क्षणाची वाटते. माणूस स्विचांशी खटपट करत बसतो, विमान हळूहळू वळत डोंगराकडे जातं आणि बॅटरी मात्र संपत असते.

जळका वास किंवा धूर आला तर हा क्रम विसरा. मास्टर लगेच बंद, बाकीचे विजेचे स्विच बंद, हवेच्या झडपा बंद, अग्निशामक हाताशी. इग्निशनच्या किल्लीला हात लावू नका, इंजिन तिच्यावर आहे. आग विझल्याची खात्री झाली की मग हवा आत घ्या. उडालेला ब्रेकर अशा वेळी कधीच आत दाबायचा नाही.

धूर नसेल तर बॅटरीला शिदोरी समजा. वाटेत भरून मिळणार नाही, म्हणून कोणाला किती हे आत्ताच ठरवा. १२ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर २४ अँपिअरचा भार ठेवला तर कागदावर अर्धा तास मिळतो, आणि जुन्या बॅटरीकडून तेवढाही धरू नये. सगळ्यात मोठे खादाड म्हणजे लँडिंग लाइट आणि पिटो नळीचा (वेगमापकाला हवा पुरवणाऱ्या नळीचा) हीटर. ते आधी घालवा, मग दुसरा रेडिओ, मग बाकीचे दिवे. फक्त एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारवर विमानाची ओळख दाखवणारं उपकरण) चालू ठेवा. रेडिओवर ऐकायला थोडी वीज लागते, बोलायला कितीतरी जास्त. म्हणून वाक्य मनात जुळवून मगच बटण दाबा.

कुठे उतरायचं हे बोलण्याआधी ठरवा. देवगडहून रत्नागिरी सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर पुढे आहे, चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ सुमारे ४० किलोमीटर मागे. १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगानं, वाऱ्याचा हिशेब सोडून, एकीकडे २३ मिनिटं आणि दुसरीकडे १३. मागे वळा. घरी कोण वाट पाहतंय, गाडी कुठे उभी आहे, हे प्रश्न उतरल्यावरचे. चिपीची धावपट्टी २५०० मीटर लांब आहे, आणि ही लांबी आज तुमच्या कामाची आहे. खाली पसरलेली पुळण मोह घालते, पण इंजिन चालू असताना ओल्या-मऊ वाळूवर उतरण्याचं काही कारण नाही.

मग रेडिओवर तीनदा 'पॅन-पॅन' (तातडीची अडचण आहे, हे सांगणारे शब्द), विमानाचं रेडिओवरचं नाव, जागा, काय झालं, कुठे उतरणार, आत किती माणसं. रेडिओ गप्प झाला तर ट्रान्सपाँडरवर ७६००, म्हणजे रेडिओ बंद पडल्याचा संकेतांक.

वाट डोळ्यांनी शोधायची. कोकणाइतका सोपा नकाशा दुसरीकडे मिळायचा नाही. दक्षिणेला वळलात की समुद्र उजव्या हाताला. वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेला विजयदुर्ग मागे उत्तरेला राहतो, मग देवगडची खाडी, पुढे मालवणसमोर पाण्यात बसलेला सिंधुदुर्ग, त्यानंतर कर्लीची खाडी. तिच्याजवळ चिपीचं पठार येतं. होकायंत्र, वेगमापक, उंचीमापक यांना वीज लागत नाही. इंधनाच्या काट्यांना लागते, म्हणून किती वेळ उडालो हे घड्याळावर मोजा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून डाक घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. आज मात्र रेडिओ नसताना जुहूकडे जाऊ नका. शेजारीच सांताक्रूझची मोठी विमानं उतरत असतात.

शेजारी बसलेल्याला कामाला लावा. हेडफोन मुके झाले तर मोठ्यानं बोलून सांगा: दुसरं विमान दिसलं की बोट दाखव.

विमानतळाजवळ आलात की टॉवरकडे बघत राहा. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या आणि घिरट्या घाला. लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या. लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नका. दिसला हे कळवायला पंख डोलवा.

या विमानाचे फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली करायच्या पंखांमागच्या पट्ट्या, विजेवर चालतात. थोडी वीज शिल्लक असली तरी ते पूर्ण खाली करू नका; ऐनवेळी पुन्हा वर जावं लागलं आणि बॅटरी संपलेली असली, तर ते उचलता येणार नाहीत. फ्लॅपशिवाय वेग ६५ ते ७५ नॉट ठेवा. विमान जरा लांब तरंगेल, तरंगू द्या, जोरानं खाली दाबू नका.

आणि हे सगळं टाळण्याची संधी सकाळीच मिळते. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी धरते, ऑल्टरनेटरचा पट्टा सैल पडतो. दोन्हीकडे रोज बघा. टॉर्च आणि कागदी नकाशा हात पोचेल तिथे ठेवा, मागच्या पिशवीत नको.

उतरून इंजिन थांबलं की लॉगबुकात दोष लिहा आणि नियंत्रण कक्षाला लगेच फोन करा. रेडिओ गप्प झालेलं विमान पोचल्याचं त्यांना कळलं नाही, तर ते तुम्हाला समुद्रात शोधायला निघतील.