लेमूरच्या केंद्रात काम करायचंय? आधी तिथला पैसा कुठून येतो ते पाहा

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलंमुली मला विचारतात, "ताई, ड्यूक लेमूर सेंटरमध्ये शिरायचं कसं?" हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं लेमूरांचं केंद्र; लेमूर म्हणजे माकडांचे मादागास्कर बेटावरचे दूरचे नातेवाईक. अर्ज, गुण, शिफारसपत्रं हे सगळं लागतंच. पण विद्यापीठाच्या प्रायमेट (माकडं, वानर, लेमूर यांचा गट) केंद्रात काही वर्षं काढायची असतील, तर ते केंद्र कोणाच्या पैशावर चालतं हे आधी समजून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. तुमचा विषय, तुमचं वेळापत्रक, तुमच्या प्राण्यांचं भविष्य, सगळं त्यावर ठरतं. मी नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅमला शिकायला आले आणि या सेंटरमध्ये आधी स्वयंसेवक मार्गदर्शक म्हणून रुजू झाले. संशोधन त्यानंतर. हा क्रम मला फार उपयोगी पडला.

सेंटर १९६६ सालचं. मानवशास्त्रज्ञ जॉन ब्यूटनर-यानुश येल विद्यापीठातून आपले प्राणी घेऊन ड्यूकला आले आणि ड्यूकचे प्राणिशास्त्रज्ञ पीटर क्लॉफर यांच्या साथीने हे काम उभं राहिलं. २००६ पर्यंत त्याचं नाव ड्यूक युनिव्हर्सिटी प्रायमेट सेंटर असं होतं. आज ड्यूक फॉरेस्टमधल्या सुमारे ८० एकरांत दोनशेहून अधिक प्राणी आहेत. लेमूरची एवढी विविधता मादागास्करबाहेर दुसरीकडे नाही. उबदार दिवसांत त्यातले बरेचसे कुंपणातल्या खऱ्या जंगलात मोकळे हिंडतात. थंडी पडली की त्यांना तापवलेल्या इमारतींत घ्यावं लागतं.

आता पैशाचं. संशोधनाचं अनुदान साधारण तीन ते पाच वर्षांचं असतं आणि ते एका प्रश्नासाठी मिळतं. प्राणी मात्र प्रश्न संपला म्हणून संपत नाही. इथला जोनास नावाचा फॅट-टेल्ड ड्वार्फ लेमूर, मुठीत मावेल एवढा जीव, २९ वर्षं जगला. एवढ्या काळात त्याच्यावरचे किती प्रकल्प आले आणि गेले असतील! पण रोजची भाजी, डॉक्टर, हिवाळ्यातलं वीजबिल आणि सकाळी पिंजरा धुणाऱ्या माणसाचा पगार त्या २९ वर्षांत एक दिवसही थांबला नाही. सिफाका जातीचे लेमूर मुख्यतः पाने खातात, म्हणून उन्हाळ्यात सुमाक नावाच्या झुडपाची पाने कापून हिवाळ्यासाठी गोठवून ठेवतात. कोणत्याही शोधनिबंधात हे काम दिसत नाही, आणि त्यासाठी वेगळं अनुदान शोधायला गेलात तर क्वचितच सापडेल.

ही दरी भरायला तीन हात लागतात. विद्यापीठ स्वतः खर्च उचलतं, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने इथल्या प्राणिसंग्रहाला वेळोवेळी आधार दिला आहे, आणि तिसरा हात लोकांचा. आधी वेळ ठरवून येणारे पाहुणे तिकीट काढतात. 'अडॉप्ट अ लेमूर' योजनेत पैसे भरणाऱ्याला प्रमाणपत्र, फोटो आणि आपल्या प्राण्याची खबरबात मिळते. प्राणी सेंटरमध्येच राहतो आणि पैसे त्याच्या देखभालीला जातात. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे दारं बंद झाली तेव्हा तिकिटांची आवक थांबली, खाणारी तोंडं तेवढीच राहिली. तेव्हा देणगीदारांची यादी म्हणजे काय असतं ते कळतं.

नवख्या संशोधकाला वाटतं, पाहुण्यांना फिरवणं हे आपलं काम नव्हे. मला हे मनापासून पटत नाही. माझ्यासोबत निवृत्त शिक्षिका होत्या, नर्स होत्या, अभियंते होते. त्यांचं वाचन आमच्या वर्गातल्या कित्येकांपेक्षा जास्त होतं. जोव्हियन नावाचा सिफाका एकेकाळी मुलांच्या टीव्ही मालिकेत दिसायचा. तो २०१४ साली गेला. त्याला टीव्हीवर बघत मोठी झालेली माणसं आता आपल्या पोरांना घेऊन येतात. आय-आय या निशाचर लेमूरपुढे थांबून, "हा काळोखात त्या लांब बोटाने लाकूड ठोकतो आणि आतली अळी शोधतो" हे सहा वर्षांच्या मुलाला समजावता आलं, की अनुदानाच्या अर्जातला पहिला परिच्छेद आपोआप सुधारतो.

लोक इथे खिशात हात घालतात त्यामागे एक ठोस कारण आहे: प्राण्याला इजा होईल असं संशोधन इथे करत नाहीत. सगळी प्रायमेट केंद्रं अशी नसतात. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मूळ अनुदानावर चालणारी सात राष्ट्रीय केंद्रं आहेत. तिथे प्रामुख्याने वैद्यकीय संशोधन होतं, आणि तिथली बरीच ऱ्हीसस माकडं आपल्याकडून गेलेल्या माकडांची वंशज आहेत. भारताने १९७८ साली निर्यात बंद केली. तिथल्या कामाचं महत्त्व मी नाकारत नाही, पण तुम्ही कोणत्या बाजूचं काम मनापासून करू शकाल हे मुलाखतीआधी ठरवा. सरकारी पैसा म्हणजे कायमची हमी असंही समजू नका. हार्वर्डचं न्यू इंग्लंड प्रायमेट सेंटर अशा राष्ट्रीय केंद्रांपैकीच होतं. २०१३ साली विद्यापीठाने आर्थिक परिस्थितीकडे बोट दाखवून ते गुंडाळायचं जाहीर केलं आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. तिथे अर्धवट पीएचडी असलेल्या मुलांचा विचार करा.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. प्रायमेटजवळ काम करायचं तर क्षयरोगाची चाचणी लागते. आपल्याकडे लहानपणी बीसीजी टोचलेली असते आणि त्यामुळे त्वचेवरची चाचणी कधीकधी खोटी पॉझिटिव्ह येते, तेव्हा रक्तचाचणीबद्दल विचारा. सर्दी असेल तर प्राण्यांपासून लांब राहा, कोणी सांगायची वाट पाहू नका. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीधर फेलोशिप आपल्या पासपोर्टला मिळत नाही, पण लीकी फाउंडेशन आणि वेनर-ग्रेन फाउंडेशन यांना अर्जदाराचं राष्ट्रीयत्व आड येत नाही. आणि अंदाजपत्रक मांडताना प्राण्यांचा खर्च लपवू नका. अनेक केंद्रं संशोधकाकडून वापराचं शुल्क घेतात. ते आधीच विचारून अर्जात लिहिलं की केंद्राचे लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

एक प्रश्न मात्र अवश्य विचारा: इथला पैसा प्राण्यांच्या मूळ घरी पोहोचतो का? लेमूरच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात आहेत, हे २०२० सालच्या लाल यादीने, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीने, सांगितलं. ड्यूकने १९९७ मध्ये आपल्याकडचे काळे-पांढरे रफ्ड लेमूर मादागास्करच्या बेतांपोना अभयारण्यात सोडले. आता ईशान्येकडच्या सावा भागात शाळांमधून पर्यावरणशिक्षण, झाडं लावणं, मत्स्यपालन, कमी लाकडात चालणाऱ्या चुली असं काम चालतं. डरॅममधल्या देणगीदाराला मी हे सांगायचे तेव्हा लेमूरइतकाच त्या चुलींबद्दलही प्रश्न यायचा.

डरॅमला जाणं जमलं नाही तरी हातावर हात धरून बसू नका. दक्षिणेकडे सरकणारी ऱ्हीसस माकडं आपल्या बॉनेट माकडांची जागा घेत आहेत, आणि त्या दोघांच्या भेटीचा पट्टा महाराष्ट्रातून जातो. त्यावर काम करायला दुर्बीण, एसटीचा पास आणि गावकऱ्यांशी बोलायची तयारी पुरते. भारतातल्या विद्यार्थ्यांना रफर्ड फाउंडेशनची छोटी अनुदानं मिळत आली आहेत. अर्जात गावातलं कोण तुमच्यासोबत आहे ते नावानिशी लिहा, आणि त्यांना आधी विचारून लिहा.