चौरंगावर नाव घालायचं, पण कुठे?

हाताने केलेल्या वस्तूवर नाव जरूर घाला. वीस-तीस वर्षांनी तो चौरंग दुरुस्तीला निघेल, तेव्हा कोणी, कधी, कोणत्या लाकडात केला हे कळायला हवं. म्हणून नुसती सही पुरत नाही. साल आणि लाकूडही लिहा: ‘सागवान, २०२५’.

जागा मात्र दर्शनी नको. चौरंगाच्या खालच्या अंगाला, खणाच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या पाठीला.

सगळ्यात सोपी म्हणजे साधी शिसपेन्सिल. ग्रॅफाइट उडत नाही आणि पॉलिशखाली तसंच राहतं. मार्करची शाई बहुधा स्पिरिटमध्ये विरघळते. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेलं लाखेचं पॉलिश फिरवलं की नाव पसरतं. माझा एक पाट असाच डागाळला, फार हळहळ वाटली.

डागणीचं पेन (तापलेल्या टोकाने लाकडावर अक्षरं जाळून उमटवणारं) असेल तर शेवटचा पॉलिशपेपर मारल्यावर, पण पॉलिशआधी वापरा. आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर हात बसवा. आपल्या अक्षरांची शिरोरेषा लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढली तर टोक मऊ भागात घसरतं. थोडी तिरकी धरा, किंवा तुकड्यातुकड्याने डागा. पोळपाटावर शाई नकोच. कडेला डागलेलं एक अक्षर पुरे.