क्लोज्ड गार्डमधून क्रॉस कॉलर चोक: सगळा खेळ पहिल्या हाताचा

कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपली. ब्राझिलियन जिऊ-जित्सूत मात्र पाठीवर पडून, जोडीदाराला दोन पायांत धरून, तिथूनच डाव टाकायचा असतो. या स्थितीला गार्ड म्हणतात. पाय त्याच्या पाठीमागे एकमेकांत अडकवले की तो क्लोज्ड गार्ड. तालमीतून आलेल्या पैलवानाला इथे दोन गोष्टी नव्याने अंगवळणी पाडाव्या लागतात. एक म्हणजे चीत पडूनही शांत राहणं, आणि दुसरी म्हणजे कुस्तीत ज्याला मनाई आहे ते गळा आवळणं.

क्रॉस कॉलर चोक म्हणजे हातांची फुली करून जोडीदाराच्या गीच्या (सरावाच्या जाड अंगरख्याच्या) कॉलरनेच त्याचा गळा आवळणं. हा मुळात ज्युदोतला जुजी-जिमे. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला गेला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि पुढे हा डाव जिऊ-जित्सूचा पाया झाला. नवख्याला तो अगदी सुरुवातीला शिकवतात, आणि रॉजर ग्रेसीने काळ्या पट्ट्यांच्या जागतिक स्पर्धेत माउंटमधून (उताण्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर बसून) हाच चोक लावून लढतीमागून लढती जिंकल्या. डाव सगळ्यांना माहीत असतो, तरी बसतो मोजक्यांचाच, कारण बहुतेकांचा पहिला हात उथळ राहतो.

हा चोक श्वासावर नाही, रक्तावर काम करतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या एकाच वेळी दाबल्या गेल्या की मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं आणि साधारण दहा सेकंदांत, कधी त्याआधीही, शुद्ध जाते. म्हणून जोर समोरून घाटीवर नको, दोन्ही बाजूंनी हवा. जोडीदार खोकत असेल, घसा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर तुमची मनगटं श्वासनलिकेवर आहेत. तिथे ताकद वाढवू नका, हात सोडून पुन्हा बसवा.

आधी त्याची बैठक मोडा. जोडीदार गुडघ्यांवर पाठ ताठ ठेवून बसला असेल तर कॉलरपर्यंत हात पोचला तरी काही उपयोग नाही. तुमचे गुडघे स्वतःच्या छातीकडे ओढा. पाय त्याच्या पाठीवर असल्यामुळे तो पुढे वाकतो. नुसत्या हातांनी ओढलंत तर दोन मिनिटांत दंड भरून येतात. ओढायचं काम पायांचं, हातांनी फक्त आलेली जागा राखायची.

आता पहिला हात. उजव्या हाताने जोडीदाराची उजवी कॉलर पकडायची, म्हणजे तुमच्या डाव्या बाजूला दिसते ती. थेट हात घालायला जाऊ नका. आधी डाव्या हाताने तीच कॉलर त्याच्या छातीपाशी धरून खाली आणि किंचित बाहेर ओढा. कापड ताणलं जातं, मानेपाशी फट पडते. त्या फटीत उजव्या हाताची चार बोटं आत, अंगठा बाहेर, असा हात सरकवा. पहिल्या फेरीत हात फार तर गळ्याच्या हाडापर्यंत जाईल. जाऊ द्या. तिथे धरून पायांनी पुन्हा खाली ओढा. तो खाली येतो त्या क्षणी कॉलर सैल पडते. तेवढ्यात मूठ उघडून हात वर, मानेमागे सरकवा. डावा हात या वेळी कॉलरचं खालचं टोक घट्ट धरून असला पाहिजे, नाहीतर कापड हाताबरोबर वर गोळा होतं आणि हात पुढे गेल्याचा नुसता भास होतो.

पुरेसं खोल म्हणजे किती? तुमच्या बोटांची पेरं त्याच्या मानेच्या मागच्या हाडाला लागली पाहिजेत, शिवलेलं लेबल असतं त्याच्या आसपास. मनगट कानाच्या खाली आलेलं हवं. एक साधी परीक्षा: दुसरा हात न लावता फक्त या हाताने ओढून बघा. डोकं लगेच खाली आलं तर पकड बरोबर. नुसती गी ताणली गेली आणि डोकं जागेवर राहिलं, तर अजून दोन बोटं आत जायला हवं. जाड, कडक कॉलरवर हे कठीण जातं (स्पर्धेच्या नियमांत कॉलरची जाडी 1.3 सेंमीपर्यंत चालते), म्हणून सराव धुऊन मऊ झालेल्या गीवर सुरू करावा.

दुसऱ्या हाताची घाई नको. पहिला हात खोल बसल्यावर तो सोडवायला जोडीदाराला दोन्ही हात लागतात, तेव्हा वेळ तुमच्या बाजूने असतो. डावा हात उजव्या हाताच्या वरून न्या आणि त्याच्या डाव्या खांद्याजवळ, मानेला लागून कापड पकडा. या वेळी अंगठा आत, चार बोटं बाहेर. कॉलर हाताला लागली नाही तर खांद्यावरचं कापडही चालतं. हा हात पहिल्याइतका खोल नसला तरी निभावतं. मग डावं कोपर त्याच्या चेहऱ्यासमोरून खाली आणा, म्हणजे हात हनुवटीखाली येईल. दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही हातांची चार बोटं आत. त्यात डावा हात उजव्याच्या खालून जातो. तो जास्त घट्ट बसतो, पण हनुवटी दाबून बसलेल्या जोडीदारावर शिरत नाही. सुरुवातीला अंगठ्याचा प्रकारच पक्का करा.

शेवटचा जोर. इथे सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कोपरं बाहेर फाकवणं. कोपरं फाकली की जोर खांद्यांवर येतो आणि मान मोकळी राहते. दोन्ही कोपरं स्वतःच्या बरगड्यांकडे आणा, छाती फुगवा आणि पाठीने ओढा. उजवी मूठ अशी वळवा की तळवा तुमच्याकडे येईल आणि अंगठ्याकडचं मनगटाचं हाड मानेत बसेल. डाव्या हाताची करंगळीकडची कड दुसऱ्या बाजूला दाबते. त्याच वेळी पायांनी त्याला आत घ्या, त्याचं कपाळ तुमच्या छातीला टेकू द्या. त्याला दूर ढकलत चोक लावता येत नाही.

जोडीदार गप्प बसणार नाही, आणि त्याची प्रत्येक काट दुसरा डाव उघडते. त्याने छातीवर हात सरळ रोवून तुम्हाला दाबलं तर तो हात आर्मबारला (कोपराच्या सांध्यावर उलटा ताण देण्याच्या डावाला) आयता मिळतो. फोन कानाला लावावा तसा तळवा मानेपाशी घातला तर त्याचं कोपर वर उठतं, तिथूनही आर्मबार. मागे रेलून सुटायला गेला तर कॉलर सोडा, उठून बसा आणि हिप बंप स्वीप करा, म्हणजे कमरेच्या धक्क्याने त्याला उलटवून वर या. उभा राहिला तर एक हात सोडून त्याचा घोटा धरा. आणि वर असलेल्याने गार्डमध्ये राहून हाच चोक उलट लावायला कधीही जाऊ नये, सरळ झालेले हात खालच्याच्या ताब्यात जातात.

सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करा. आधी फक्त पहिला हात: दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, जोडीदार सैल. मग दुसरा हात जोडून पाच-पाच. शेवटी तीन मिनिटांच्या फेऱ्या, ज्यात वरच्याने फक्त बैठक ताठ ठेवायची. नखं कापलेली हवीत, बोटांच्या सांध्यांना टेप लावलेली बरी. जोर टप्प्याटप्प्याने वाढवा, झटका नको. टॅप, म्हणजे हार मानल्याची खूण, हाताने, पायाने की तोंडाने आला हे बघत बसू नका, लगेच सोडा. हात अडकलेले असतील तर टॅप दिसत नाही, म्हणून जोडीदाराच्या अंगातली ताकद जाणवत राहिली पाहिजे. ती अचानक गेली की टॅपची वाट न बघता सोडायचं. त्याला उताणा झोपवा, पाय थोडे वर धरा. काही सेकंदांत शुद्ध आली नाही तर 108 किंवा 112 ला फोन करा. शुद्ध आली तरी त्या दिवशी त्याने पुन्हा मॅटवर उतरू नये. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःवर चोक लावून घेऊ नये.