उन्हाळ्यात अंड्यावरच्या कोंबड्यांना काय, किती आणि कधी द्यावं

मे महिन्यात विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर जातो. मग शेडमध्ये दुपारी एकच दृश्य दिसतं: चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले, धापा चालू. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे मुख्य वाट धापेचीच.

या धापेतच अंड्याचं नुकसान आहे. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो आणि पाठोपाठ बायकार्बोनेट हा रक्तातला क्षारही घटतो. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि त्यातला कार्बोनेट या बायकार्बोनेटपासूनच बनतो. म्हणून खाद्य तेच असलं तरी अंडी पातळ कवचाची, ट्रेमध्ये ठेवतानाच तडकणारी येतात. त्यात गरमीनं कोंबडी खातेही कमी. ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आली, की कॅल्शियम, जीवनसत्त्वं, प्रथिनं सगळंच जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी पोटात जातं. पूरक द्यायचं ते ही तूट भरून काढायला.

पुढची मापं १०० कोंबड्यांसाठी, दिवसाला ९ किलो लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, धरून दिली आहेत.

आधी पाणी बघा. एरवी १०० कोंबड्यांना २०-२५ लिटर पाणी पुरतं, कडक उन्हात ४० लिटरच्या वर लागतं. पण पत्र्यावरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देत असेल तर कोंबडी ते पिणार नाही, आणि त्यात घातलेलं औषधही पोटात जाणार नाही. टाकी सावलीत घ्या, तिला ओलं गोणपाट गुंडाळा, पाइप उन्हातून जात असेल तर झाका. दुपारी दोनदा पाण्याच्या लाइनमधलं तापलेलं पाणी सोडून द्या. एवढं झालं नसेल तर पुढचा खर्च करू नका.

मग घटलेलं बायकार्बोनेट भरून काढायला खाण्याचा सोडा, म्हणजेच सोडियम बायकार्बोनेट. किलोभर खाद्याला २ ग्रॅम, म्हणजे ९ किलोला साधारण १८ ते २० ग्रॅम. थेट ढिगावर भुरभुरू नका. आधी अर्धा किलो खाद्यात नीट कालवा, मग ते बाकीच्या खाद्यात मिसळा. नाहीतर एकीच्या वाट्याला जास्त आणि दुसरीला काहीच नाही असं होतं. इलेक्ट्रोलाइटची (क्षारांची) पावडर पाण्यातून देत असाल तर पाकिटावरचे घटक वाचा. त्यात सोडियम बायकार्बोनेट असेल तर खाद्यातला सोडा बंद ठेवा. दोन्हीकडून सोडियम गेलं की विष्ठा पाण्यासारखी होते, शेडमधलं अंथरूण (लिटर) ओलं होतं आणि अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. तापलेल्या शेडमध्ये हा त्रास फार महागात पडतो.

गरमीत कोंबडीच्या शरीरातून पोटॅशियमही जातं. ते चांगल्या पोल्ट्री इलेक्ट्रोलाइटमध्ये असतं. शेतीचं लाल पोटॅश पाण्यात घालू नका, ते जनावराच्या पोटात जाण्याइतकं शुद्ध नसतं. गुळाचं किंवा ग्लुकोजचं पाणी रोज दिलंत तर निपल लाइनमध्ये, म्हणजे कोंबड्या चोचीनं पाणी पितात त्या नळीत, बुळबुळीत थर धरतो. एखाद्या दिवशी दिलंच तर लगेच लाइन धुऊन काढा.

क जीवनसत्त्व कोंबडी स्वतः तयार करते, पण उष्णतेच्या ताणात ते अपुरं पडतं. किलोभर खाद्याला २०० मिलिग्रॅम द्या, म्हणजे ९ किलोला जेमतेम २ ग्रॅम. माणसांच्या ५०० मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या कुटून घातल्या तरी भागतं. पाण्यातून द्यायचं तर प्लास्टिकच्या भांड्यात, क्लोरीन न टाकलेल्या पाण्यात, पहाटे मिसळा आणि काही तासांतच संपेल एवढंच करा; ऊन आणि लोखंडामुळे ते लवकर निकामी होतं. आवळ्याची पावडर चांगलीच, पण तिच्यात नेमकं किती आहे हे मोजता येत नाही, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

कवचासाठी शिंपल्याची जाडसर कणी हवी, २ ते ४ मिलिमीटरची. १०० कोंबड्यांना ४०० ग्रॅम, तीही संध्याकाळी. कवच मुख्यतः रात्री भरतं. जाड कणी पोटात सावकाश विरघळते आणि रात्रभर कॅल्शियम पुरवते. बारीक चुना तेवढा टिकत नाही. अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र ही कणी देऊ नका, जादा कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

वेळेबद्दल मी आग्रही आहे. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, ती पुढचे काही तास वाढत जाते. सकाळी ११ ला पोटभर खाल्लेली कोंबडी भर दुपारी आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून तापते. म्हणून सोडा आणि जीवनसत्त्वं घातलेलं खाद्य पहाटे ५ ला द्या, १० ते ४ खाद्य उचला, पाणी चालू ठेवा, आणि उरलेलं खाद्य शिंपल्यासह ऊन उतरल्यावर द्या. दुपारी कोंबड्या कोसळू लागल्यावर पूरकांचा उपयोग नाही. तेव्हा कोंबडीला सावलीत नेऊन तिचे पाय आणि पोट गार पाण्यात बुडवा, डोकं वर ठेवा.

लेअर खाद्य संपलं म्हणून शेजारच्या शेडमधलं ब्रॉयलर खाद्य घालू नका. त्यात कॅल्शियम फार कमी असतं, आणि काहींत निकार्बाझिन हे औषध असतं. त्यानं उन्हात मर वाढते.

हे सगळं नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होण्याची वाट न पाहता, पारा ३५ च्या पुढे सरकू लागला की सुरू करा. मृगाची पहिली सर आली म्हणून लगेच थांबवूही नका. हवा दमट असली की धापेनं अंग नीट गार होत नाही. पारा उतरलेला दिसतो, तरी कोंबडीची धाप चालूच असते. दुपारी शेडमध्ये चोची मिटलेल्या दिसल्या की मग सोडा बंद करा. शिंपले चालू राहू द्या.