छोट्या नर्सिंग होमचं वायफाय आणि स्टाफचे मोबाईल: एका रविवारात काय काय नीट करता येतं

गेल्या वर्षी आई सदाशिव पेठेतल्या एका नर्सिंग होममध्ये चार दिवस ॲडमिट होती. रिसेप्शनच्या काचेवर वायफायचा पासवर्ड चिकटवलेला, मी फोन जोडला आणि एक प्रिंट काढायला गेलो तर बिलिंगचा प्रिंटर, एक्सरेचा कॉम्प्युटर सगळंच दिसायला लागलं. म्हणजे भेटायला येणाऱ्या कुणालाही दिसत असणार. मी नेटवर्किंगचंच काम करतो, त्यामुळे राहवलं नाही, डॉक्टरांशी बोललो आणि आई घरी आल्यावर एका रविवारी जाऊन सगळं लावून दिलं. बाकीच्या छोट्या दवाखान्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी एक वही घ्या. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या डिव्हाइसेसची यादी असते, ती उघडून एकेकापुढे लिहा की हे कुणाचं आणि कुठे ठेवलंय. तिथे खालच्या मेडिकलवाल्याचा आणि शेजारच्या क्लासमधल्या पोरांचे फोनसुद्धा निघाले! तेव्हाच राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला (कंपनीने दिलेलाच बहुतेक ठिकाणी तसाच असतो), डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय) बंद करा, सिक्युरिटी म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा.

आता मुख्य काम. दवाखान्याचं वायफाय वेगळं आणि नातेवाईकांचं वेगळं. बऱ्याच राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करा, पण नुसतं नाव वेगळं असून भागत नाही, गेस्टला आतलं दिसू देणारी एक सेटिंग असते ती बंदच पाहिजे. नंतर गेस्टवर फोन जोडून प्रिंटर सापडतो का ते स्वतः बघा, सापडला तर अजून काम झालेलं नाही. सिस्टर, वॉर्डबॉय, आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) यांचे स्वतःचे फोनपण गेस्टवरच, यावर थोडी कुरकुर होते पण ठाम राहा. दोन-तीन मजले असतील तर व्हीलॅन (एकाच वायरिंगवर वेगवेगळी नेटवर्कं) लावणारा माणूस बोलवा, इथे पैसे वाचवू नका.

एक्सरेचा किंवा सोनोग्राफीचा कॉम्प्युटर बऱ्याचदा विंडोज ७ वर असतो, त्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले आणि मशीनवाले बदलू देत नाहीत. असा कॉम्प्युटर केबलवर ठेवा आणि त्याचं इंटरनेट तोडा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचा) हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला कित्येक दिवस कागदावर काम करावं लागलं, आपल्या २० बेडच्या दवाखान्याने तर बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती काढून ठेवलीच पाहिजे.

सिग्नलसाठी फोन हातात घेऊन सगळे मजले फिरा. एक्सरेच्या खोलीच्या दारात किंवा भिंतीत बऱ्याचदा शिसं असतं, त्यातून वायफाय जवळजवळ जातच नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चॅनेल १, ६ किंवा ११ यातलाच एक निवडा, आणि पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात चालतो म्हणून राउटर त्याच्याजवळ नको. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त पण पेठेतल्या जाड भिंती त्याला झेपत नाहीत. राउटर यूपीएसवर घ्या, पुण्यात गुरुवारी दुरुस्तीला लाईट जातेच. आणि मोबाईल हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका, विसर्जनाच्या दिवशी पेठेत फोनसुद्धा नीट लागत नाही, त्यापेक्षा दुसऱ्या कंपनीची लाईन घ्या.

मोबाईलचं मला जास्त टेन्शन वाटतं, कारण जखमेचा फोटो, रिपोर्ट, केसपेपर, सगळं व्हॉट्सॲपवर फिरतं. दवाखान्याचा एक वेगळा फोन ठेवा, पेशंटचे फोटो त्यावरूनच, चेहरा आणि नाव येणार नाही असे काढायचे, फोटोंचा ऑटो बॅकअप बंद, स्क्रीनलॉक सक्तीचा, हरवला तर दुरून डेटा पुसता येईल असं आधीच सेट करून ठेवा. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी ग्रुपमधून काढा आणि पासवर्ड बदला. माहिती सांभाळण्याबद्दल २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, पुरेशी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड सोडा हो, उद्या आपल्याच आईचा केसपेपर कुणाच्या तरी फोनमध्ये फिरत असेल तर कसं वाटेल?

फोन पुसायचा तर आधी कव्हर काढा, बंद करा, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसा, स्प्रे थेट मारू नका, ब्लीच तर नकोच. हात धुतले आणि मग तोच मळका फोन धरला तर काय उपयोग. एमआरआयच्या खोलीत फोन नेऊ द्यायचा नाही, आणि पेसमेकर असलेल्या पेशंटला सांगा की फोन शर्टाच्या खिशात नको, छातीपासून निदान १५ सेंटीमीटर लांब.

शेवटी ती वही आणि नवे पासवर्ड एका पाकिटात घालून मेट्रनकडे द्या, कपाटाला कुलूप, आणि काचेवरचा जुना कागद स्वतः फाडून गेस्टचा नवा लावा.