केंब्रिजला एका दिवसासाठी जाताय? किंग्ज चॅपल संध्याकाळी बघा

लंडनमध्ये शिकणारे बरेच जण केंब्रिजला सकाळी पोचतात, किंग्ज कॉलेजच्या चॅपलचं तिकीट काढतात आणि तिथेच दिवसाच्या खर्चाचा मोठा वाटा संपतो. विद्यार्थ्याच्या खिशाला हे जड जातं. त्यापेक्षा दिवस उलटा लावा.

१. रेल्वेचं १६-२५ रेलकार्ड काढून ठेवा. तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. पंचविशी ओलांडली असली तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला हे कार्ड मिळतं; अनेकांना हे माहीतच नसतं. शक्यतो शनिवारी जा, कारण सोमवार ते शुक्रवार सकाळी १० च्या आधी किमान भाड्याची अट आड येते, म्हणजे सूट धरूनही तिकीट एका ठरावीक रकमेखाली जात नाही.

२. दुपार फिट्झविल्यम म्युझियमला द्या. प्रवेश मोफत.

३. संध्याकाळी चॅपलमधल्या इव्हनसाँगला, म्हणजे सायंप्रार्थनेला, रांगेत उभे राहा. ती सर्वांना खुली असते आणि तिला तिकीट नसतं. १५१५ मध्ये पूर्ण झालेलं ते पंख्यासारखं उमललेलं दगडी छत डोक्यावर आणि खाली गायकवृंदाचे सूर! दिवसा तिकीट काढूनही हा अनुभव मिळत नाही, म्हणून पैसे वाचले नसते तरी मी हाच मार्ग सुचवला असता. फक्त आत फिरता येत नाही आणि फोटोही काढायचे नाहीत. ती प्रार्थना आहे, तेवढा मान ठेवा.

कॉलेजला सुट्टी असली की गायकवृंद नसतो. निघण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ नक्की बघा.